सैतानाच्या नखांचा रस्ता

राजधानी येरेवानचे साहेब दहाला येणार, म्हणून वार्दगेसने रस्त्यातला खड्डा बुजवला. उत्खननावर तो मुकादम होता. पण त्याचा जीव अडकला होता गावच्या रस्त्याला डांबर मागणाऱ्या अर्जात. गेल्या हिवाळ्यात या रस्त्यावर गाडी येईना, म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. रस्ता पाहायला साहेब यायला हवा आणि साहेब यायला रस्ता हवा. गेल्या वर्षीचा साहेब याच खड्ड्यावरून माघारी फिरला होता.

"काका, शेडमधली दोन पोती कुठायत?" उत्खननाच्या प्रमुख न्वार्दबाईंनी विचारलं.

"खड्ड्यात. ट्रॅक्टर फिरवून घट्ट बसवलीत."

बाई खड्ड्याकडे धावल्या. "अहो, तीन उन्हाळ्यांचं काम होतं ते! तीन लाख वर्षांपूर्वीची हत्यारं!"

"मग तर टिकाऊ असणार की."

त्याचंही काय चुकलं? अर्तेनी डोंगराच्या पायथ्याला ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे तुकडे पायलीचे पन्नास. गाव त्यांना सैतानाची नखं म्हणतं आणि अनवाणी पोरांना ओरडतं. त्यातलं कुठलं नख म्हणजे लाखमोलाचं हत्यार, ते फक्त बाईंना कळायचं.

पोती परत काढायला खड्ड्याभोवती दोऱ्या ताणल्या गेल्या. सहा माणसं ब्रश घेऊन भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. आणि साहेब कधी नव्हे ते वेळेआधी आले.

"हे काय चाललंय?"

"हत्यारं काढतोय, साहेब. तीन लाख वर्षांपूर्वीची," बाई म्हणाल्या. पुढच्या वर्षीचा उत्खननाचा परवाना साहेबांच्याच हाती असल्यामुळे बाकीचं त्यांनी गिळलं.

"रस्त्यात? आणि लोक ती तुडवत होते?" साहेबांनी ब्रश मागवला, फोटो काढून घेतला, मग पेन काढलं. वार्दगेसने लगबगीने अर्ज पुढे केला. साहेबांनी तो न वाचताच उलटला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता संरक्षित. डांबर नाही, यंत्र नाही, परवानगीशिवाय फावडंसुद्धा नाही. खाली सही ठोकली.

वार्दगेसला रडावं की सही पुसावी, कळेना.

साहेब खुशीत गाडीत बसले. गाडी वळवताना मागचं चाक कडेच्या चिखलात पार आसापर्यंत रुतलं.

"अरे, बघतोस काय? फावडं आण!"

"परवानगी लागेल, साहेब."

"कोण देतं परवानगी?"

"तुमचंच खातं," न्वार्दबाई हळूच म्हणाल्या. "तीन महिने लागतात."

वार्दगेसने अदबीने गाडीचं दार उघडलं. "चला साहेब, गावात जेवण तयार आहे. पायी तासभर लागतो. आईला नेताना आम्हाला दोन लागले होते."