पेजेचं माप

सावंतांसमोर नुसता आकडा उच्चारायची सोय नाही. करी रोडच्या नाक्यावरच्या टपरीवर मी "दोन" म्हणालो, की ते चहावाल्याचा हात तिथंच थांबवतात आणि मला विचारतात, दोन काय? चहावाल्याला कळलेलं असतं, तो आम्हाला रोज दोन कटिंगच देतो. पण सावंतांना ते तोंडानं ऐकायचं असतं. एकदा डॉक्टर त्यांना म्हणाले, तुमचं एकशे चाळीस आहे. औषध राहिलं बाजूला, एकशे चाळीस काय यावरच दहा मिनिटं गेली. तोवर ते एकशे पन्नास झालं असणार.

आमचं ऑफिस लोअर परळला. लिफ्टच्या पॅनेलमध्ये बसणारी एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही लिहितो. मशिनच्या मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात, त्या तुकड्याला पेज म्हणतात. एक पेज केवढं, अशी पेजेस जास्तीत जास्त किती, हे न बदलणारे आकडे कोडमध्ये एकदाच लिहून त्यांना नावं देतात. ती नावं काय असावीत, यात सावंतांचा जीव अडकलेला. त्यांच्या आईला मात्र पेज ठाऊक ती भाताची, वर आंब्याचं लोणचं घेऊन प्यायची. मुलगा कंपनीत पेजेचं माप ठरवतो एवढंच तिला समजलं होतं. "इतक्या शिकान शेवटी कँटीनातच गेलो," असं ती शेजारणींना सांगायची.

सावंतांचं म्हणणं एकच. नावातच माप कशात मोजलंय ते आलं पाहिजे. नुसतं 'पेज साईज' चालणार नाही, 'पेज साईज इन बाइट्स' पाहिजे. "साईज काय, चपलेची पण असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा कुणीतरी पेजेसचा आकडा बाइट्सचा समजून वापरला आणि टेबलावरचं चाचणीचं पॅनेल तळमजल्याला चौदावा मजला म्हणू लागलं. सावंत तो आठवडाभर ठेवणीतले शर्ट घालून आले.

विरोधी पक्षात ग्लॅडिस मॅडम. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, सावंतांबरोबरच कंपनीत लागलेल्या, आणि अक्षरांच्या बाबतीत अतिशय कंजूष. सावंतांच्या 'पेज साईज इन बाइट्स'चं त्या चार अक्षरांत काम उरकायच्या: पी, जी, एस, झेड. सावंतांनी विचारलं, हे नाव आहे की शिंक. त्यावर मॅडमनी सावंतांचं एक नाव मोठ्यानं वाचून दाखवलं, मध्ये पाणी पिऊन.

"सावंत, ही लग्नपत्रिका आहे. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राहिलंय."

वीसेक वर्षं हे चाललं. आमच्या मॅनेजरनी वैतागून दोघांना बुधवारचा अर्धा तास नेमून दिला, तर ते गुरुवारी दुपारपर्यंत बुधवारचंच भांडत असायचे. निकाल काही लागला नाही. आमच्या कोडमध्ये अर्ध्या शिंका आणि अर्ध्या पत्रिका.

मग मार्चमध्ये मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या वेळी सगळे काही ना काही बोलले. सावंत उभे राहून एवढंच म्हणाले की मॅडमची एक्केचाळीस आखूड नावं सोमवारपर्यंत बदलून होतील. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि केकचा त्यांचा तुकडा सावंतांच्या बशीत सरकवला.

सोमवारी सावंतांनी खरंच सगळी नावं बदलून आमच्याकडे मंजुरीला पाठवली. चार मिनिटांत मंजूर. सगळ्यांनी स्क्रीनवर अंगठा वर केला. सावंत माझ्या टेबलाशी आले आणि कुणी वाचलं का, असं विचारू लागले. मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी लांब नावं पाठवली, इतकी की एक नाव दुसऱ्या ओळीत लोंबकळत होतं. तीही मंजूर. त्यांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला.

मग एका दुपारी ते आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"सकाळी मी पी-जी-एस-झेड पाठवलं होतं. तू पास केलंस."

"तुम्ही पाठवलंय म्हटल्यावर बरोबरच असणार, साहेब."

जागेवर जाऊन त्यांनी ते नाव स्वतःच नापास केलं.

त्या शनिवारी दुपारी मला सावंतांचा फोन आला, गिरगावात येतोस का. गेलो तर हे चर्नी रोडला खाकी पाकीट घेऊन उभे. पाकिटात नुसत्या नावांची यादी. कोड नाही, त्यामुळे कंपनीचं गुपित बाहेर जात नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

ग्लॅडिस मॅडमनी दार उघडलं, पाकीट बघितलं आणि आधी चष्मा शोधला. पहिल्याच नावातले तीन शब्द त्यांनी लाल पेनानं उडवले. सावंत खुर्चीच्या टोकाला येऊन बसले. पुढचा दीड तास मी तिथं होतो की नव्हतो, हे दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. चहावर साय धरली. एकविसाव्या नावावर मॅडम म्हणाल्या, तू अजून तसाच गाढव आहेस. मॅडम रिटायर झाल्यापासून सावंत पहिल्यांदाच मनापासून हसले.

निघताना सावंत जिना उतरून गेले. मॅडमनी मला दारात थांबवलं.

"ही सगळी नावं आधीच पास झालीत ना रे?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. त्याला सांगू नको मी विचारलं म्हणून." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फक्त पुढच्या वेळी जरा जास्त कागद आणायला सांग. दुपार फार मोठी असते इथे."

मी खाली येऊन सावंतांना फक्त कागदांचा निरोप दिला. ते तडक कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि कोऱ्या कागदांचं एक अख्खं रीम काखेत मारून बाहेर आले.