टपालपेटीला सलाम

नवापूरच्या पोस्टाबाहेरची तांबडी पेटी आली, की याकोब मास्तर थांबत, डोक्यावरची टोपी काढत आणि पेटीला अदबीने सलाम करत. त्यांच्या मागून रांगेत चालणारे पाच-सहा विद्यार्थीही सलाम करत. दर उन्हाळ्यात मी नवापूरला जाई तेव्हा हा सोहळा पाही. समोरच्या ओट्यावर कपडे शिवणारा दगा शिंपी मशीन थांबवून विचारी, "काय मास्तर, आज पेटीनी तब्बेत कशी शे?"

मास्तर रागावत नसत. "दगाभाऊ, ही विलायतेची रीत आहे. तुम्हाला नाही कळायची."

"आम्हले काय कळी! आम्ही तं तिन्हामा नुसतं कार्ड टाकतस."

ती विलायतेची रीत नव्हती. ती मी बनवलेली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना पंधरा वर्षं सांगितलं नाही.

आमच्या मिशनची एक परदेश-शिक्षण योजना होती. भागातली हुशार ख्रिस्ती मुलं निवडायची, वर्षभर तयार करायची आणि इंग्लंडला बायबल कॉलेजात दोन वर्षांसाठी धाडायची. या योजनेचे मुख्य याकोब मास्तर, पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत. आणि मास्तर स्वतः कधी सुरतेपलीकडे गेलेले नव्हते. राज्यं वेगळी झाली तेव्हा नवापूर स्टेशनातूनच हद्द गेली. त्याचा मास्तरांना केवढा आनंद! फलाटाच्या एका टोकाला जाऊन ते म्हणत, "हा मी परदेशी निघालो," आणि दुसऱ्या टोकाला येऊन, "हा परत आलो. पाणी बदललं तरी पोट बिघडलं नाही."

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी. थंडीची सवय व्हावी म्हणून एका जुन्या साहेबाने टाकून दिलेला ओव्हरकोट घालून विद्यार्थ्याने भर वैशाखात बंगल्यापासून स्टेशनापर्यंत जाऊन यायचं. थंडी कशी असते हे कोणालाच कळलं नाही. उकडतं म्हणजे काय, ते मात्र पक्कं कळलं. काट्या-चमच्याचा सराव नागलीच्या भाकरीवर व्हायचा. माझ्या वर्षी दोन काटे वाकले. आणि काहीही झालं तरी मास्तरांचं एकच म्हणणं : "तिकडे असं नसतं." कोणी ढेकर दिला, तिकडे असं नसतं. बैल रस्त्यात बसला, तिकडे असं नसतं. एकदा मयतीला बाया मोठ्याने रडत होत्या, तर हे शेजारच्याच्या कानात तेच बोलले. त्या दिवशी मार खाता खाता वाचले.

तिकडे कसं असतं हे मास्तरांना पत्रांतून कळायचं. आलेलं प्रत्येक पत्र ते एका जाड वहीत उतरवून घेत आणि पुढच्या तुकडीला शिकवत. गोम तिथेच होती.

योजनेच्या दुसऱ्या वर्षी पहिला मीच गेलो. तेव्हा एका वेळी एकालाच पाठवत. पहिल्या हिवाळ्यात माझ्याशी कोणी चार वाक्यं बोललं असेल तर शपथ. मास्तरांची तर ताकीद होती, दर महिन्याला चार पानं. लिहायला काही घडतच नव्हतं. मग मी घडवलं. लिहिलं, इथे टपालपेटीवर राजाचा मुकुट कोरलेला असतो, म्हणून येणारा-जाणारा तिला सलाम करतो. लिहिलं, कोणाकडे गेल्यावर आधी त्याच्या कुत्र्याची नाव घेऊन चौकशी करायची, मग घरधन्याची. जेवण आवडलं तर उभं राहून रुमाल तीनदा झटकायचा. लिहिताना मला फार हसू येई. दिवसभरात तेवढंच.

परत आलो, तर मास्तर पोरांची रांग घेऊन पेटीसमोर उभे. मला बघून त्यांनी अभिमानाने टोपी काढली. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. मिशनने मला नंदुरबारच्या शाळेत नोकरी दिली होती आणि साहेबलोकांत माझं नाव चांगलं होतं. पुढे दर उन्हाळ्यात मास्तर मला 'परदेश पाहून आलेले पाहुणे' म्हणून वर्गाला बोलवत. मी जाई, त्यांच्या हातचं कोंबडीचं कालवण खाई, आणि देवा क्षमा कर, पोरांबरोबर पेटीला सलामही करी.

गेल्या वर्षी मास्तर निवृत्त झाले आणि मिशनने निरोपाची भेट म्हणून त्यांना बोटीचं तिकीट दिलं. चार महिने इंग्लंड! ही बातमी ऐकून मला घाम फुटला. साठीचा माणूस लंडनच्या रस्त्यात पेटीपेटीला टोपी काढत फिरणार, लोक हसणार, आणि आपण आयुष्यभर पोरांना काय शिकवलं ते त्यांना तिथे, परक्या माणसांत कळणार. बायको म्हणाली, "रात्री तळमळून काय होणार? जा आणि सांगून या. चार शिव्या खाल, त्याने काही मरत नाही."

शनिवारी सकाळची शाळा करून गाडीने नवापूरला गेलो. मास्तर खोलीत ट्रंक भरत होते. मास्तरीणबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ट्रंकेवर बसून ती दाबायलाही कोणी नव्हतं. मी बसलो आणि बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. पेटी, कुत्रा, रुमाल, सगळं खोटं.

मास्तर कडी लावत म्हणाले, "जरा जोर दे. हां. ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुझ्या मागून दाविद गेला, त्याने उतरल्या उतरल्या कळवलं. शिव्याच घातल्या रे. बायबलातल्याच, पण शिव्या."

"मग पोरांना अजून का शिकवता?"

"कोण शिकवतं? तू येतोस त्या दिवसापुरतं करतो. आदल्या दिवशी सांगून ठेवतो, पाहुणे येणार, हसायचं नाही. बिचारी गाल चावून धरतात."

म्हणजे पंधरा वर्षं त्या रांगेत मूर्ख एकटा मीच होतो. मला राग आला, हेही कबूल करतो. "माझी गंमत करत होतात?"

मास्तर ट्रंकेजवळून उठले. "अरे पौलस, तुझी पत्रं मी किती वेळा वाचली असतील. चार-चार पानं. पेटीचं नाव होतं, कुत्र्याचं होतं. एका माणसाचं नाव नव्हतं. म्हटलं, पोरगं एकटं पडलंय. पेटीबिटीची शंका तेव्हाच आली होती, पण खोटं लिहू नकोस म्हटलं असतं, तर तेवढंही लिहायचा बंद झाला असतास. मग साहेबाशी भांडलो. म्हटलं, यापुढे दोघं पाठवा, नाहीतर माझा राजीनामा घ्या. दाविदपासून दोघं जातात, ते उगीच?"

मला वाटत होतं, दोघं पाठवायचं साहेबाच्याच डोक्यातून निघालं.

"पण मी परत आल्यावर तरी बोलायचं होतं."

"आणि मग लाजून तू यायचा थांबला असतास. बाकीचे मुंबईला, पुण्याला. नाताळचं कार्ड येतं. घरी येऊन जेवणारा तू एकटा." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आणि कालवण काय फुकट करत होतो? बोलून टाक एकदाचं, म्हणून तर दर वर्षी बोलवत होतो. केवढा उशीर लावलास!"

मास्तर गेले. दीड महिन्याने त्यांचं पत्र आलं, बरोबर चार पानं. पाऊस कसा बारीक पडतो, पाव कसा कापून मिळतो, जमिनीखालून गाडी कशी जाते, कॉलेजच्या इमारतीला खिडक्या किती. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. एकाही माणसाचं नाव नव्हतं.

त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. सगळे तुमची आठवण काढतात, असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा खोटं लिहायचं नव्हतं. रविवारी उपासनेनंतर नवापूरची गाडी धरली आणि घराघरांतून विचारत फिरलो, मास्तरांना काय लिहू? स्टेशन मास्तरांनी सलाम सांगितला. कोंबड्या विकणाऱ्या फुलीबाईने विचारलं, तिकडे त्यांना रांधून कोण घालतं? दगा शिंप्याने मशीन थांबवलं आणि बराच वेळ दोरा ओवत राहिला.

"लिखा त्यास्ले," तो म्हणाला, "तुम्ही गयात नि आम्हले हसाले कोणी ऱ्हायनं नही."

मी तिथेच त्याच्या ओट्यावर बसून ते जसंच्या तसं लिहिलं. खाली त्याचं पूर्ण नाव घातलं.