झोपलेलं अंजीर

आमच्या मर्गिलान शहरात हशार भरवावा तर मीच! हशार म्हणजे मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि शेवटी कढईभर पुलाव चापायचा. आता, माणसं गोळा करणं सोपं आहे. त्यांना दुपारपर्यंत कामाला जुंपून ठेवणं ही कला आहे, आणि चौतीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे ती मला साधलीय. असं मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

चहाखान्यामागच्या पडीक जागेत मोहल्ल्याची बाग करायची, हे माझंच डोकं. नवरोज, म्हणजे आमचं वसंतातलं नवं वर्ष, दहा दिवसांवर आलं होतं. कालव्यातला गाळ वर्षानुवर्षं तिथे आणून टाकलेला, त्याचे पंधरा-वीस ढीग झाले होते. ते फोडायचे, जमीन सपाट करायची, वाफे पाडायचे आणि जर्दाळूची रोपं लावायची, असा बेत होता. हशाराच्या आदल्या दिवशी शराफत मावशी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, कंबरेत वाकलेल्या, जीभ मात्र ताठ.

"गुरुजी, कोपऱ्यातला तो ढीग गाळाचा नाही बरं. खाली माझं अंजीर झोपलंय, ते शेवटी हलक्या हातानं उकरायचंय."

मला ठाऊक होतं. आमच्याकडे थंडी पडायच्या आत अंजिराच्या फांद्या वाकवून मातीखाली पुरतात आणि वसंतात उकरून काढतात. हे झाड मावशींच्या नवऱ्यानं लावलेलं. तो गेल्यापासून मावशी दर हिवाळ्यात कुणाकुणाच्या मिनतवाऱ्या करून ते पुरून घेत.

"खूण म्हणून एखादं फडकं तरी बांधा," त्या म्हणाल्या.

"फडकं कुणीही उपटून टाकेल, मावशी. मी अशी खूण ठेवतो की तिला हलवायची कुणाची छाती होणार नाही."

ती खूण म्हणजे तोजिबोय आजोबा. वय एक्क्याण्णव, मोहल्ल्यात सगळ्यांत वडील. ते चहा पिताना समोरचा माणूस मोठ्यानं शिंकतही नाही, मग त्यांना उठा कोण म्हणणार? सकाळी मी त्यांची खुर्ची त्या ढिगाला खेटून मांडली. पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला "तुम्ही आज खुंटी आहात" असं कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, "आजोबा, तुमची नजर असली की कामाला बरकत येते. इथे निवांत बसा."

आजोबा खूश झाले. चाळीस माणसं कुदळी घेऊन भिडली. मी फाटकाशी रोपं उतरवून घेत बसलो, आणि इकडे वारा फिरला. काहोर आचाऱ्याच्या चुलीचा धूर थेट आजोबांच्या तोंडावर यायला लागला. आता, एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला आमच्यात कोण धुरात बसू देईल? चौघं धावले. आजोबांना त्यांनी खुर्चीसकट उचललं आणि अदबीनं पलीकडच्या भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवलं.

तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली. "गुरुजी, सगळे ढीग फोडायचे का?"

मी रोपं मोजत होतो. मान वर न करता मी ओरडलो, "आजोबांच्या खुर्चीभोवती चार पावलं सोडा! बाकी एकही ढीग दिसता कामा नये!"

मोहल्ल्यानं माझा शब्द अक्षरशः पाळला. मी परत आलो तर जमीन पोळपाटासारखी सपाट. भिंतीपाशी आजोबा, आणि त्यांच्याभोवती चार पावलांचं गोल रिंगण, आतलं गवतसुद्धा कुणी उपटलेलं नाही. हौशी मंडळींनी रिंगणाला चुन्याची रेघही मारली होती.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा राहिलाच नव्हता.

काहोर डोळे पुसत आला. "गुरुजी, ही ओली लाकडं कुठून काढलीत? नुसता धूर करतायत. अर्धी जाळली, अर्धी उरलीयत."

उरलेल्या तुकड्यांतून अंजिराचा पांढरा चीक गळत होता. मी तसाच आजोबांकडे धावलो. "आजोबा, तिथून उठलात कशाला?"

"मी कुठे उठलो? मी बसूनच होतो."

"पण सांगायचं ना, की गुरुजींनी तिथे बसवलंय."

"कशासाठी बसवलंय ते तू मला सांगितलं होतंस का?"

नव्हतं सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांना मान द्यायचा होता असंही नाही, मला माझी हुशारी मिरवायची होती.

एवढ्यात शराफत मावशी आल्या. अंजीर उकरणाऱ्यांना द्यायला त्यांनी तंदूरमधल्या गरम रोट्या परातीत आणल्या होत्या. कोपऱ्यापाशी येऊन त्या थांबल्या. चाळीस माणसं माना खाली घालून उभी राहिली.

"मावशी, चूक माझी आहे. यांची कुणाची नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी एवढं छोटं भाषण केलं.

मावशींनी परात माझ्या हातात दिली, खाली बसल्या आणि बोटांनी माती उकरायला लागल्या. बराच वेळ उकरत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मनगटाएवढं खोड हाताला लागलं.

"मूळ शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

काहोरला धीर आला. "मग काय, मावशी! तीन वर्षांत पुन्हा फळ धरेल."

"तीन वर्षं." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, व्यवस्था करण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही म्हणतात. मग आता एवढं करा. मला तीन वर्षं जगवायची व्यवस्था करा."

मग त्यांनी सगळ्यांना रोटी वाटली. मलाही दिली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दर हिवाळ्यात अंजीर मी स्वतः पुरतो, माझ्या हातांनी. रोज सकाळी मावशींचं दार ठोठावतो, रक्तदाबाची गोळी माझ्यासमोर घ्यायला लावतो, त्यांच्या भाजीत मीठ किती पडतं ते चाखून बघतो. बायको म्हणते, "माझ्या आईची एवढी काळजी कधी केली नाहीत."

गेल्या मंगळवारी दार उघडेचना. तीनदा ठोठावलं, हाका मारल्या. दार फोडायला माणूस बोलवावा म्हणून वळलो, तेवढ्यात कडी वाजली.

"नमाज तरी पुरा करू द्या," मावशी दारात उभ्या होत्या. "अजून एक वर्ष आहे ना? मग आतापासून घाम कशाला पुसताय?"

अंजीर माझ्या खांद्याला लागलंय. त्याची मला मुळीच काळजी नाही.