मुख्य चालक

गाडीच्या विम्याचा हप्ता तिप्पट झाल्याचं एजंटानं फोनवर सांगितलं, तेव्हा जावई एका झेरॉक्स मशिनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मशिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

"साहेब, दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा आहे तुमच्या नावावर. कंपनी काय शाबासकी देणार?" एजंट म्हणाला. "घरात साफ रेकॉर्डचं दुसरं कोणी असेल तर त्यांना मुख्य चालक करा. पण गाडी खरंच त्यांनीच चालवायची हं."

बायकोनं लायसन कधी काढलंच नव्हतं, तेव्हा साफ रेकॉर्ड म्हटल्यावर जावयाच्या डोळ्यांपुढे सासरेच आले. त्यांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवला होता, सगळे त्यांना मास्तर म्हणत. उन्हानं डोळे दिपतात म्हणून ते स्वतः बरीच वर्षं चालवत नव्हते. पण शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून उजव्या पायानं ब्रेक दाबायची सवय सुटली नव्हती. जावयाच्या गाडीतली त्या बाजूची मॅट नेमकी तेवढ्याच जागी झिजली होती.

अडचण एवढीच, की मास्तरांना शिक्षेचा पत्ता नव्हता. लायसन जप्त झाल्यापासून जावई बसनं फिरत होता आणि "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय" अशी थाप ठोकत होता. मास्तरांनी मुलगी दिली होती ती त्याचा धंदा बघून नव्हे, रिव्हर्स बघून. अरुंद बोळातून त्यानं एका दमात गाडी मागे आणली, तेव्हा ते "पोरगा बरा आहे" म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी त्याची कशावरूनच स्तुती केली नव्हती. एवढी एकच पुंजी, ती घालवायला जावई तयार नव्हता.

"बाबांना खरं सांगून मोकळा हो," बायको म्हणाली.

"त्यापेक्षा तिप्पट हप्ता परवडला," तो म्हणाला. पण हप्ताही परवडत नव्हता.

शेवटी त्यानं मास्तरांना गळ घातली. "बाबा, आमची गाडी आता तुम्हीच चालवा. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?" मास्तर आढेवेढे घेत होते, पण एवढ्या स्तुतीनंतर नाही कसं म्हणणार? रविवारी एजंटाला मास्तरांच्याच घरी बोलावणं गेलं; जावई बायकोला घेऊन आला.

एजंट आला, खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "दोघांचंही रेकॉर्ड तपासावं लागेल."

जावई आणि मास्तर, दोघांनी एकदमच पाण्याच्या तांब्याला हात घातला.

"मी म्हणतो, गाडी विकूनच टाकावी," जावई म्हणाला.

"अगदी माझ्या मनातलं बोललात जावईबापू," मास्तर म्हणाले. "बस किती सोयीची असते."

"फॉर्मवर एकच प्रश्न आहे," एजंट थकून म्हणाला. "दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालीय का?"

"हो," दोघंही म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पास झालेले विद्यार्थी बाटली आणायचे," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी तिघं पास झाले. शाळेची गाडी, टपावर माझं नाव, आणि ठोकली ती पोलीस चौकीलाच."

"कधीची गोष्ट, काका?"

"ही लेक चौथीत होती."

"मग उगीच सांगितलंत. इतकं जुनं आम्ही विचारतच नाही."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग ते जावयाकडे वळले. "तुम्ही कुठे ठोकलीत?"

"सोसायटीच्या फाटकाला. रिव्हर्स घेताना."

"प्यायलात ते मी कोणत्या तोंडानं बोलू?" मास्तर म्हणाले. "पण रिव्हर्स?"

एवढा वेळ शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी परात बाजूला सारली. "यांना उन्हात दिसत नाही, माझं लायसन चालेल का हो?" त्यांनी एजंटाला विचारलं.

"आई, तुम्ही गाडी चालवता?" जावई म्हणाला.

"यांचं लायसन गेलं त्या वर्षी शाळा कोण चालवत होतं असं वाटतं तुम्हाला?"

हप्ता खाली आला. पुढच्या रविवारी सासूबाईंनी गाडी बाहेर काढली. लेक पुढे बसली, सासरे-जावई मागे. वळणावर त्या दोघांचेही उजवे पाय एकदम खाली दाबले गेले.

"पाय वर घ्या," सासूबाई आरशात बघत म्हणाल्या. "मॅट नवी आहे."