खालच्या डोहाचे बारा मासे

खोत सर पावसात दोन छत्र्या घेऊन निघतात. एक डोक्यावर, एक बगलेत. डोक्यावरची काळी, बगलेतली फुलाफुलांची, बायकी. शेजारून कोणी निथळत चाललेलं असलं तरी बगलेतली ते देत नाहीत. राजारामपुरीत एका गृहस्थांनी आशेनं हात पुढं केला, तर सर म्हणाले, "पावणं, ही सुटी न्हाय. राखीव हाय."

"मग उघडणार कधी?"

"ही डोस्क्यावरची मोडल्यावर."

दोन्ही काळ्या का घेतल्या नाहीत, हे मात्र त्यांना विचारू नये. मी विचारलं होतं. उत्तर बसस्टॉपपासून त्यांच्या घरापर्यंत चाललं. सार एवढंच की, एका कारखान्याच्या दोन छत्र्या एकाच वाऱ्यात आणि एकाच काडीत मोडतात. "येगळं पायजे की!"

हे त्यांचं पालुपद. आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. बावीस वर्षं मी त्यांच्या काचनळ्या धुतल्या आणि हे पालुपद ऐकलं. त्यांच्या घरी दूध दोन गवळ्यांचं, एक गाईचं, एक म्हशीचं. घड्याळं दोन, एक किल्लीचं, एक सेलचं. दोन्ही कधी जुळत नाहीत. सर मधली वेळ धरतात आणि सगळीकडं उशिरा पोचतात. ताप आला की डॉक्टर दोन, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. पेठ वडगावच्या एका लग्नात त्यांनी जेवणाच्या पंगतीत नवरा-नवरीची गावं विचारली. दोन्ही एकाच ओढ्यावरची निघाली. सर भरल्या पंगतीत ओरडले, "आरं, जरा लांबची बघायची की! चंदगडची बघायची, गडहिंग्लजची बघायची!" नवरीच्या मामानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. लाडू तेवढा हातात राहिला.

हे सगळं माशांपायी. सरांचं आयुष्य महसीर माशात गेलं. हा मासा आता नामशेष व्हायच्या वाटेला लागलाय. रोग ओळखणारी जनुकं प्रत्येक माशात थोडी थोडी वेगळी असतात, आणि ते वेगळेपण टिकलं तर जात टिकते, हा सरांचा विषय. पोरांना ते तालमीचा दाखला द्यायचे. "अख्ख्या तालमीला एकच डाव येतोय. समोरचा बी तोच डाव घिऊन आला तर ठीक. पर येगळ्या डावाचा गडी आला की? एका दुपारात सगळी तालीम चीत! रोग म्हंजे येगळ्या डावाचा गडी, लेकानू."

चंदगड तालुक्यात एका देवळामागं डोह आहे. तिथले महसीर देवाचे. कोणी धरत नाही, उलट लोक चुरमुरे घालतात. त्याच नदीवर खाली, कडा उतरून गेलं की दुसरा डोह. मध्ये बंधारा झाल्यापासून वरचे मासे वर, खालचे खाली. सरांना एकच जाणून घ्यायचं होतं : खालच्यांना वेगळे डाव येतात का? येत असले तर चार मासे इकडचे तिकडं सोडायचे, म्हणजे दोन्ही तालमी जगल्या.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही गेलो. गुरवानं देवीला कौल लावला. पाकळी उजवीकडं पडली. दोन्ही डोहांतले बारा-बारा मासे धरायचे, शेपटीच्या पराचं टोक नखाएवढं कापून घ्यायचं आणि मासा परत सोडायचा, अशी परवानगी मिळाली. वरचे बारा झाले आणि शेवाळावरून सरांचा पाय मुरगळला. ते देवळाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "सुतार, खाली तू जा. कोऱ्या बारा कुप्या घे."

आता सांगतो. आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी नदीच्या वळणापर्यंत गेलो. पायाला सात-आठ जळवा लागल्या होत्या आणि चारची एसटी शेवटची होती. कारणं आणखीही जोडता येतील, पण खरं एवढंच की मला कंटाळा आला. वळणाआड वरच्याच डोहाची शेपटी होती, सरांना न दिसणारी. मी खिशातले चुरमुरे टाकले. देवाचे मासे, माणसाळलेले. आपण होऊन हाताशी आले. आणखी बारांची टोकं कापली आणि कुप्यांवर लिहिलं, 'खालचा डोह'. कौल या बारांसाठी नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

पुण्याहून तपासणी होऊन आली. दोन्हीकडं डाव तेच. यायचेच.

सरांनी कागद दोनदा वाचला. "संपलं गड्या," म्हणाले. "दोन्हीकडं एकच तालीम." फाईल बांधून कपाटावर टाकली आणि पुन्हा खालच्या डोहाचं नाव काढलं नाही. लग्नात दंगा केला तो त्यानंतरचाच. लोक हसले, मीही हसलो.

गेल्या महिन्यात गुरवाचा फोन आला. देवाच्या माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी धरलीय, रोज चार-पाच मरून उताणे तरंगतायत. "सरांस्नी सांगा. काय तरी करा म्हणावं."

त्या दिवशी दुपारी मी सरांकडं गेलो. ते स्टोव्हवर चहा ठेवत होते. दूध मोजून निम्मं गाईचं, निम्मं म्हशीचं. मी उभ्यानंच फोनचं सांगितलं आणि थांबलो नाही. वळण, जळवा, चुरमुरे, कुप्या, सगळं बोललो. सर पातेल्याकडं बघत राहिले. चहा उतू गेला. तो त्यांनी पुसला नाही.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "खालचं अजून कळलंच न्हाय?"

"नाही सर."

"म्हंजे येगळं असू शकतंय?"

"असू शकतं."

"आन् हे तू आत्ता बोलालाईस! अकरा वर्सं! गाढवा, अकरा वर्सं मी त्येंचं सुतक धरून बसलोय!" ते गर्रकन वळले. मला वाटलं, आता हाताला लागेल ते फेकतील. पण ते स्टुलावर चढून कपाटावरची फाईल ओढत होते. धुळीनं शिंकत होते आणि दोन शिंकांच्या मध्ये चक्क हसत होते.

मला ते सोसवेना. शिव्या चालल्या असत्या. म्हणालो, "सर, तुम्ही दूध दोन घेता, घड्याळं दोन ठेवता. मग खालचं एकदा परत तपासायला नको होतं? दुसऱ्या कुणाला तरी खाली धाडायचं होतं."

सर चपला शोधत होते. खाली वाकल्या वाकल्याच म्हणाले, "दुसरं कोण हुतं?"

एवढंच. त्यात राग नव्हता. घड्याळात किती वाजले हे सांगावं, तसं म्हणाले.

मग उठले. "चंदगडची गाडी घावंल अजून. कोऱ्या कुप्या तुज्याकडं असतील न्हवं? ह्या खेपंला मी बी खाली येतो. भरवसा न्हाय म्हणून न्हवं. जळवा दोघांत वाटून घिऊ."

"सर, तुमचा गुडघा..."

"दोन हायती."

बाहेर परतीचा पाऊस लागला होता. उंबऱ्यावर सरांनी काळी छत्री उघडली, एक पायरी उतरले आणि थांबले. मग बगलेतली फुलाफुलांची काढून माझ्यापुढं धरली.

"घे की. का भिजत येतोस?"

बावीस वर्षं नोकरीत आणि त्यानंतरही मी ती छत्री मिटलेलीच पाहिली होती. उघडताना काड्या जरा अडखळल्या.