पुलावरून पडलेली म्हातारी

खांदा कॉलनीतल्या हितेशच्या फ्लॅटमध्ये येऊन सोनाबाईला महिना होत आला, तरी तिला तिथे काही खोट सापडली नव्हती आणि नेमका याच गोष्टीचा तिला संशय येत होता. लिफ्ट रोज चालू. नळाला पाणी. सून प्राची दिवसभर काम करूनही संध्याकाळी हसून बोलणार. इतकं सगळं सरळ असतं का कुठे?

उरणच्या बाजारात तिने उभा जन्म मासळी विकली. होडीवाला सख्खा दीर का असेना, माल घेताना ती आधी माशाचा कल्ला उचलून आत लाल आहे ना ते बघायची आणि मगच टोपली पुढे करायची. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मुलगा तिला पनवेलला घेऊन आला. तिने इथेच कायमचं राहायचं आणि उरणचं घर तिची नणंद शांती हिच्या मुलाला, परेशला, लग्नानंतर राहायला द्यायचं असं सगळ्यांचं ठरलं होतं. सोनाबाईचं ठरलं नव्हतं. ती नुसतं "बघू" म्हणाली होती. घर एकदा हातातून गेलं आणि मग इथला कल्ला पांढरा निघाला तर म्हातारपणी जायचं कुठे, ही भीती तिच्या मनात होती. पण ती बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती.

हितेशला द्रोणागिरीच्या गोदामात रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचा आणि दुपारी उठून जेवता जेवता टीव्हीला जोडलेला गेम खेळायचा. त्यात नुसत्या बंदुका असत्या तर सोनाबाई आत जाऊन पडली असती. पण हा गेम गोष्टीचा होता. एक बेट बुडायला लागलंय आणि एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरापलीकडे निघालाय. माणसं इंग्रजीत बोलायची, पण हितेश सांगायचा. शिवाय ती म्हातारी सोनाबाईसारखीच लंगडत चालायची. त्यामुळे सोनाबाई रोज दुपारची झोप सोडून सोफ्यावर पाय घेऊन बसू लागली. समोरच्या दारातली मनिषाही भाजी निवडायला इकडेच यायची.

बुधवारी मायलेक झुलत्या पुलावर आले. आई जुन्या गोष्टी सांगत होती, मुलगा ऐकत होता, दाबायला काहीच नव्हतं. म्हणून हितेशने तो रिमोटसारखा कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि समोरच्या ताटातला, सोनाबाईने तळलेला बोंबील उचलला. तेवढ्यात पुलाची फळी मोडली. म्हातारी लोंबकळली आणि पडद्यावर एक गोल चमकला, म्हणजे गोलाचं बटन लगेच दाबायचं.

"अरे थांब," असं म्हणत हितेशने कंट्रोलर उचलला, पण तेलकट अंगठा बटनावरून सटकला. म्हातारी दरीत गेली.

"पडली?" सोनाबाईने विचारलं.

"पडली."

"नि तू काय करत व्हतास?"

"आये, गोष्ट चालू होती ना. मधेच बटन दाबायला सांगतात. क्विक टाइम इव्हेंट म्हणतात त्याला. मला बिलकुल आवडत नाय. सिनेमासारखं आरामात बघायला बसवायचं आणि मधेच परीक्षा घ्यायची."

"मग मागं जा नि काढ तिला वर."

"मागं जाता येत नाय. सेव्ह झालं."

एवढ्यावर तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने गेम पुढे चालू केला, आणि पडद्यावरचा मुलगा पाण्यातून दणादण पळायला लागल्यावर खुशीत येऊन म्हणाला, "बघ आता कसा सुटला. आईमुळे लय स्लो चाललेला."

हितेशच्या मनात काही नव्हतं. पण गुडघ्याला मलम चोळत बसलेल्या आईसमोर बोलायचं हे वाक्य नव्हतं. घरून काम करणाऱ्या प्राचीने लॅपटॉपवरून मान वर करून नवऱ्याकडे असं पाहिलं की मनिषाने भाजी गोळा केली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई मुलाला पारखायला लागली. हितेश अंघोळीला गेल्याचं बघून तिने "अगो बाय" म्हणून कळवळून हाक मारली. तो साबणासकट धावत आला.

"काय झालं आये?"

"काय नाय. पंखा कमी कर."

तो गेल्यावर ती प्राचीला म्हणाली, "इतका घाबरून आला. मनात काय असल्याशिवाय मानूस इतका घाबरत नाय." दुपारी तिने पुन्हा तशीच हाक मारली. या वेळी हितेश जरा सावकाश आला, तर ती म्हणाली, "बघ, आता यायला पन तयार नाय." प्राचीने कानात हेडफोन घातले. तेही सोनाबाईने लक्षात ठेवलं.

मग तिने उरणला फोन लावला. "शांते, परेशला सांग, रविवारी रिकामा टेम्पो घेऊन ये. मी परत येते. घर द्यायचा नाय."

"काय झाला गो वयनी?"

"पोरानं म्हातारीला सोडली."

"कंच्या म्हातारीला?"

"पुलावरच्या. डोल्यांदेखत पडली. हा बोंबील खात व्हता."

शांतीने हे जसंच्या तसं शेजारी सांगितलं, शेजारणीने त्यात आपल्या समजुतीने खाडीचा पूल घातला, आणि संध्याकाळी हितेश कामाला निघाला तेव्हा त्याला उरणहून काशिराम काकांचा फोन आला. काका दबक्या आवाजात विचारत होते, "पोरा, पोलीस आले काय? मी वकील बघून ठेवू?" त्यांना सगळं समजावण्यात हितेशची कंपनीची बस चुकली.

शुक्रवारी दुपारी घरात त्या बटनावरून चर्चाच झाली.

"आमच्या सिरीयलचं बरं असतं," मनिषा म्हणाली. "कोण मरायचं ते तेच ठरवतात. आपल्यावर काही येत नाही."

"तेच तर," हितेश म्हणाला. "गोष्टीत घुसायचं असेल तर आधी सांगा. हे काय मधेच?"

"नाय," सोनाबाई म्हणाली. "त्यात तेवढा बटनच खरा हाय. बाकी समदं ते सांगतात नि आपुन नुसतं बसतो. वेल आली की मानूस कसा हाय ते त्या बटनावर कलतं. आधी सांगून कोनाची परीक्षा घेतात?"

"आई, तो तुमचेच बोंबील खात होता," प्राची म्हणाली. "हात तेलकट होता त्याचा."

"म्हंजे आता दोष बोंबलांचा."

 थोड्या वेळाने सोनाबाई पाणी प्यायला उठली तेव्हा स्वयंपाकघरातून प्राचीशी बोलणाऱ्या हितेशचा आवाज आला, "आयेला आत्ता कळू देऊ नको. आधी मला नीट जमू दे." सोनाबाई पाणी न पिताच मागे फिरली. काय जमू द्यायचं होतं, याचे जितके म्हणून वाईट अर्थ निघतील तितके तिने झोपेपर्यंत काढले. रात्री तिने आपलं गाठोडं बांधून दाराजवळ ठेवलं.

रविवारी जेवण झाल्यावर हितेशने टीव्ही लावला. पडद्यावर पूल होता आणि पुलावर म्हातारी होती.

"ही जिती कशी झाली?"

"जुना भाग परत खेळता येतो, आये. मेन्यूत होतं, मला माहीत नव्हतं. दोन दिवस प्रॅक्टिस केली."

"बुधवारी बोललास मागं जाता येत नाय."

"माहीत नव्हतं ना."

"हां," सोनाबाई म्हणाली. गिऱ्हाईक कालची मासळी आजची म्हणून परत करायला आलं की ती असंच "हां" म्हणायची.

हितेशने हात धुतले, पुसले, ताट लांब सरकवलं. फळी मोडली, गोल चमकला, त्याने पटकन दाबला आणि म्हातारी वर आली. मनिषाने टाळ्या वाजवल्या. सोनाबाईचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"पाठ केलंस. फली कवा मोडनार ते ठावं असल्यावर कोनीबी वाचवंल."

आता मात्र हितेश वैतागला. "मग तूच घे. म्हातारी जगली की गोष्ट वेगळी होते, पुढचं मी पण बघितलेलं नाय. आणि इथून म्हातारीलाच चालवायचंय."

सोनाबाईने कंट्रोलर जिवंत खेकडा धरावा तसा अंगापासून लांब धरला. पण पुढचा भाग नेमका होडीचा निघाला. मायलेक नदीत होते आणि गोल दाबला की म्हातारी वल्हं मारायची. सोनाबाईला ते चटकन जमलं. ती रंगात आली. "ए, एका बाजूला बसू नको, होडी कलंडंल," असं तिने पडद्यातल्या मुलाला दोनदा बजावलं. प्राची मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागली. मनिषा सोफ्याच्या टोकावर आली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, पण तो कुणी ऐकला नाही.

मग मोठी लाट आली. मुलगा पाण्यात पडला, त्याने होडीची कड धरली आणि पडद्यावर चौकोन चमकला.

"चौकोन, आये. चौकोन दाब."

सोनाबाईचा अंगठा गोलावर होता. "आतापर्यंत गोल व्हता."

"आता चौकोन आलाय. दाब."

"कोनी बदलला? कवा बदलला?"

"आये, तो बुडतोय."

"नि तू येवडी घाई का करतंस?"

बाजारात ज्याने घाई केली त्याच्या टोपलीत तळाला काहीतरी नासकं असतं, हे ती जन्मभर बघत आली होती. म्हणून तिने पडद्यावरची नजर काढून हितेशच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो खरं बोलतोय अशी तिची खात्री पटली तेव्हा ती परत वळली. होडीच्या कडेवर हात नव्हता. पाण्यावर थोडे बुडबुडे आले आणि एक रडकं संगीत सुरू झालं.

 मग मनिषाने हळूच विचारलं, "मावशी, मुलगा गेला?"

सोनाबाईने कंट्रोलर बाजूला ठेवला. "गोष्टीत मधीच बटनं कशाला घालतात मेले? गोष्ट हाय तर सरल गोष्ट सांगावी."

"मी बुधवारपासून तेच बोलतोय," हितेश म्हणाला.

"तू गप बस."

त्याने ते संगीत बंद केलं. वर "जाऊ दे आये, होतं असं," म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला.  बुडाला तो सोनाबाईच्या पोटचा पोर नव्हता, पडद्यावरचा होता. तरी तो तिच्या हातून गेला होता, आणि तेही ती पारखत बसल्यामुळे. बुधवारी हितेशला असंच वाटलं असेल का, हे तिने त्याला विचारलं नव्हतं. तिने त्याच्या तोंडावर राग शोधला. राग नव्हता. मनात ठेवला असेल तर तो कळणार कसा, हा नवीन घोर तिला लागला.

परेश वर आला. "मामी, चल. टेम्पो खाली लावलाय."

"रिकामा हाय?"

"तूच तर रिकामा आन बोललीस."

"मग रिकामाच ने. नि पुढच्या खेपेला माजी पेटी घेऊन ये."

"म्हंजे घर?"

"तुलाच. लगीन कर नि राव तिथं. माजा आता यायला जमनार नाय. ह्यानं मनात काय धरलंय ते कलल्याशिवाय मी इथून हलत नाय."

परेशने हितेशकडे पाहिलं. हितेशने खांदे उडवले आणि दाराजवळचं गाठोडं उचलून आतल्या खोलीत नेलं. प्राचीने सगळ्यांसाठी चहा टाकला.

सोनाबाईचा कप हितेशने आणला. त्याने तो तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. तिची बोटं कपाच्या कानात नीट बसली आहेत ना, ते त्याने, ती माशाचा कल्ला बघायची तसं, वाकून बघितलं, कप जरासा हलवून बघितला, आणि मगच आपला हात काढून घेतला. सोनाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. या घरात आपल्यावरही कुणी तरी लक्ष ठेवून आहे, हे बघून तिला महिन्याभरात पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.