खोट आधी, भाव नंतर

जुनी वस्तू विकायला काढली की माणूस तिचे गुण गातो. आमचे नानाकाका तिच्या खोटी सांगायचे, आणि त्याही गिऱ्हाइकानं चपला काढायच्या आत.

मी तेव्हा बँकेच्या बदलीवर बनारसला होतो. दुर्गाघाटावर नानांच्या घरात वरच्या मजल्यावर आई आणि मी भाड्यानं राहायचो. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, खाली ते एकटेच. गल्लीतलं कुणी पुण्या-नागपूरला कायमचं निघालं की सामान विकायचं काम नानांकडे यायचं. हिंदी पेपरात दोन ओळींची जाहिरात दिली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून गिऱ्हाइकांची रीघ लागे.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नग! कुणी नुसतं बघून जाणार, कुणी "आखिरी बोलिए" म्हणत चहावर चहा ढोसणार. एकदा जोश्यांची बाजाची पेटी घ्यायला एक भजनी बुवा आले. नानांनी दारातच सांगून टाकलं, "भाता फटा है, दो सुर बैठे हैं, और अंदर चूहा घर करके गया है." बुवांनी वाटेत जमवून आणलेल्या सगळ्या तक्रारी तिथंच संपल्या. तरी दुपारपर्यंत घासाघीस चाललीच होती. शेवटी नाना म्हणाले, "गुरु, पेटी की खोट हम बता चुके. अब आपकी बताएँ?" बुवा मुकाट्यानं पेटी घेऊन गेले.

"खोट आधी, भाव नंतर," पान जमवत नाना मला म्हणाले. हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल.

मग नानांच्याच घरावर पाळी आली. मुलगा वसंता पुण्याहून मागे लागला होता, सामान काढा, घर रिकामं झालं की न्यायला येतो. कपाट गेलं, टेबल गेलं, काकूंचं शिलाई मशीनही गेलं. राहिला फ्रिज. तो गेला की नानाही जाणार, हे ठरलेलं होतं.

फ्रिज बघायला लहुराबीरचे तिवारीजी आले. लॉज चालवणारा माणूस, त्यामुळे पक्का. सोबत दोन हमालही आणलेले.

"आवाज करता है," नानांनी सुरुवात केली. फ्रिज गपचूप उभा होता.

"कोई बात नहीं."

"करंट मारता है."

तिवारीजींनी तळहात टेकवून बघितला. काही झालं नाही.

"रोज नहीं. मंगल को मारता है," नाना म्हणाले. "और बर्फ नहीं जमती."

तिवारीजींनी दार उघडलं. बर्फाचा ट्रे काठोकाठ भरलेला.

"वो बाजार से मँगाके रखी है."

मी चाटच पडलो. आयुष्यभर खरी खोट सांगणारा हा माणूस एका धडधाकट फ्रिजची बदनामी करत होता! तिवारीजींवर परिणाम भलताच झाला. गहिवरून म्हणाले, "चाचा, ऐसा ईमानदार आदमी आजकल कहाँ मिलता है! जो कहेंगे, देंगे." आणि त्यांनी हमालांना हाक मारली.

नानांचा चेहरा खर्रकन उतरला. हमालांनी दोऱ्या सोडल्या. तेवढ्यात नाना ताडकन उठले आणि फ्रिजवर थाप मारून म्हणाले, "अरे, हम तो मजाक कर रहे थे! बिलकुल नया है. एक भी खोट नहीं. आँख मूँदके ले जाइए. और जरा जल्दी ले जाइए."

तिवारीजी थबकले. "जल्दी क्यों?"

"बस, ऐसे ही," नाना गोड हसले.

तिवारीजींनी फ्रिजकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. "घर में पूछके आते हैं," असं म्हणत ते हमालांसकट गल्लीत दिसेनासे झाले. बनारसी गिऱ्हाईक खोट असलेली वस्तू हसत नेतं. पण खोट नाहीच म्हटलं की त्याला घाम फुटतो!

नाना लढाई मारल्यासारखे खुर्चीत बसले. "वसंताला फोन करून सांग, गिऱ्हाईक हातचं गेलं."

"अहो, पण फ्रिज तर उत्तम चालतोय."

त्यांनी उठून दार उघडलं. आत माझ्या आईचं इन्सुलिन होतं, पाठशाळेतल्या गुरुजींचं दूध होतं, कुणाकुणाच्या भाज्या होत्या. नानांचं स्वतःचं म्हणाल तर अर्धं लिंबू.

"हा गेला तर माझ्या दाराशी कोण येणार रे? मग पुण्याला बसलो काय आणि इथं बसलो काय," ते म्हणाले.

इतक्यात समोरच्या दीक्षितवहिनी विरजणाचं पातेलं घेऊन आल्या. "नाना, जागा आहे का हो?"

"आहे की! या, या," म्हणत नानांनी आपलं अर्धं लिंबू बाहेर काढून घेतलं.